आलापल्लीत तीन दिवस उभी राहिलेली गाडी

चंद्रपूरहून आलापल्लीला जायचे म्हणजे आमच्या घरात अजूनही ‘जंगलात जायचे’ असेच म्हणतात. गेल्या डिसेंबरात एका शुक्रवारी जुमाची नमाज आटोपून आम्ही निघालो. आम्ही दोघे, दोन मुले आणि चार महिन्यांपूर्वी घेतलेली जुनी, छोटी पेट्रोल गाडी. बल्लारपूरची कागद गिरणी मागे पडली, कोठारी, गोंडपिंपरी गेले आणि आष्टीला वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच होता, त्यामुळे जुनी माणसे अजून ‘आपलाच जिल्हा’ म्हणतात. पुलापासून थोड्याच अंतरावर, चपराळ्याजवळ, वर्धा येऊन वैनगंगेला मिळते आणि तिथून पुढे नदीचे नाव प्राणहिता होते. आष्टीच्या पुढे मात्र नदीकडे पाहायला सवड मिळत नाही. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक समोरून येत असतात आणि काचेवर लाल धूळ बसते.

आलापल्लीत आमच्या खाला राहतात. मंगळवारी सकाळी दहाला चंद्रपुरात त्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले होते. साखर वाढल्यामुळे ही तारीख दोनदा पुढे गेली होती. आता साखर आटोक्यात होती, त्यामुळे तिसऱ्यांदा चुकवायची नव्हती. दोन दिवस आधी जाऊन मुलांना जंगल दाखवायचे आणि मंगळवारी फज्रनंतर खालांना घेऊन निघायचे, असा बेत होता.

शनिवारी गाडी अंगणातच उभी राहिली, कारण आलापल्ली पायी पाहण्याचे गाव आहे. एक वाट अहेरीला, एक भामरागडला, एक सिरोंच्याला. बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, माडिया अशा चार भाषा कानावर पडतात. मुलांना त्याहून मोठी मौज वाटली ती सफरच्या नमाजेची. शंभरावर किलोमीटर आलेलो आणि चारच दिवस राहणार, म्हणून घरी जोहरच्या चारऐवजी दोनच रकाती. दुपारी मशिदीत इमामांच्या मागे पूर्ण चार झाल्या तेव्हा धाकट्याचा चेहरा पडला.

खालूंची उमर सागवानात गेली. त्यांनी आम्हाला लाकडाच्या डेपोकडे नेले. इथला साग देशभर नावाजलेला. ओंडक्यांच्या थप्प्या, प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर नंबर आणि हातोड्याची खूण. लिलावाआधी व्यापारी थप्पी-थप्पी फिरून माल पाहतात. खालूंनी एका ओंडक्यावर काठीने ठोकले, मग दुसऱ्यावर. दुसऱ्याचा आवाज भदभद आला. ‘हा आतून पोकळ आहे,’ ते म्हणाले. ‘लाकडाचं बरं असतं. त्याचा ऐब तोंडावर दिसतो, नाही दिसला तर ठोकल्यावर बोलतो.’

रविवारी दुपारी ‘वनवैभव’ पाहायला निघालो आणि गाडी सुरू होईना.

सेल्फ मारला, इंजिन जोरात फिरत राहिले, पण पकडेना. दहा सेकंद. पुन्हा दहा. तिसऱ्यांदा एकदाची धडपडत सुरू झाली. हे आम्हाला अगदीच नवे नव्हते. चंद्रपुरात गाडी रोज चालायची. एखादा दिवस उभी राहिली की सकाळी थोडा वेळ घ्यायची. एका दुकानात दाखवले तेव्हा ‘बॅटरी गेली’ असे सांगून साडेचार हजारांची नवी बसवली होती. त्यानंतर बरे वाटले, कारण नंतर गाडी कधी दिवसभर उभीच राहिली नाही.

वनवैभव म्हणजे राखून ठेवलेला जेमतेम सहा हेक्टरांचा जुन्या जंगलाचा तुकडा. २०१४ साली तो महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. दोन्ही मुलांनी हात पसरून एका सागाला मिठी मारली, तरी चार हातांचा वेढा पुरा झाला नाही. पायाखाली सुकलेली पाने पापडासारखी मोडत होती. एरवी तिथे तासभर रमलो असतो, पण लक्ष गाडीकडे होते. इथे बंद पडली तर? मोबाइलला रेंज नव्हती. अर्ध्या तासातच परतलो, बिस्मिल्ला म्हणून किल्ली फिरवली आणि गाडी चटकन सुरू झाली. खालू मागून म्हणाले, ‘उभी राहिली की रुसते, चालून आली की नाही. आणि सेल्फचा आवाज तर खणखणीत आहे. मग बॅटरीचं नाव कशाला?’

सोमवारी सकाळी त्यांनी ओळखीच्या मिस्त्रीला घरी बोलावले. पंचविशीचा पोरगा. त्याने आधी पाना उचललाच नाही. ‘गाडी गरम असतानी लगेच लागते?’ हो. ‘सेल्फ हळू फिरते का जोरात?’ जोरात. ‘सुरू होतानी काळा धूर, पेट्रोलचा वास?’ नाही.

मग मीटर लावला. बंद गाडीत बॅटरी १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.३, इंजिन चालू असताना १४.२. ‘बॅटरीचा काई दोष नाही जी, चार्जिंगही बराबर हाये. बॅटरी कमजोर असती तं सेल्फ कण्हत फिरला असता.’ फरक इतका साधा होता. इंजिन हळू फिरते ते वेगळे दुखणे आणि जोरात फिरूनही पकडत नाही ते वेगळे. पहिल्याचे मूळ विजेत शोधायचे, दुसऱ्यात आधी पेट्रोल पाहायचे. चंद्रपुरात कोणी आवाजच ऐकला नव्हता. आम्हीही नाही.

संध्याकाळपर्यंत गाडीला हात लावू नका, असे सांगून तो गेला. मगरिबनंतर आला आणि म्हणाला, ‘आता सेल्फ मारू नका. नुसती किल्ली ऑन करा.’ मागच्या सीटखालून बारीक घूं असा आवाज आला आणि दोन-तीन सेकंदांत थांबला. ‘बंद करा. पुन्हा ऑन.’ पुन्हा घूं. असे तीनदा झाल्यावर म्हणाला, ‘आता मारा.’ गाडी पहिल्याच फटक्यात लागली.

त्याने अंगणात बसून समजावले ते असे. पेट्रोलच्या टाकीत बुडालेला विजेचा पंप असतो. किल्ली ऑन केली की तो क्षणभर फिरून नळीत दाब भरतो. गाडी बंद झाल्यावरही तो दाब बराच वेळ टिकावा म्हणून पंपातच एकतर्फी व्हॉल्व्ह असतो, विहिरीच्या मोटरच्या फूटव्हॉल्व्हसारखा. तो झिजला की पेट्रोल हळूहळू टाकीत उतरते आणि नळी रिकामी होते. गाडी तासभर थांबली तर कळतही नाही, रात्रभर थांबली तर कळते. इंजेक्टर गळत असता तर तेच पेट्रोल इंजिनात उतरले असते आणि सुरू होताना धडधड, धूर, वास आला असता. तो नव्हता, म्हणून बोट पंपाकडे. पक्के करायला दाबाचा गेज लावून काटा किती वेळात पडतो ते पाहावे लागते. तो गेज त्याच्याकडे नव्हता, हे त्याने आपणहून सांगितले.

‘आज टाकी उघडत नाही जी. पार्ट इथं मिळणार नाही, अन् उद्या तुम्हाला दवाखान्यात जायचं हाये. तीनदा किल्ली करून मारा, वाटेत धोका नाही. सेल्फ दहा सेकंदांवर दाबू नका, जळते. अन् टाकी नेहमी रिझर्ववर ठेवू नका. पेट्रोलच पंपाला थंड ठेवते.’ यावर आम्ही एकमेकांकडे पाहिले. दोनशेचे पेट्रोल टाकण्याची सवय आमचीच. त्याने दोनशेच रुपये घेतले. चहालाही थांबला नाही.

मंगळवारी फज्र झाली तेव्हा अंगणात धुके होते. खाला चादर लपेटून मागे बसल्या, ओठ हलत होते. किल्ली ऑन, ऑफ. ऑन, ऑफ. ऑन. घूं आवाज थांबेपर्यंत कोणी बोलले नाही. सेल्फ मारला आणि गाडी लागली. सव्वानऊला आम्ही दवाखान्याच्या दारात होतो. ऑपरेशन अलहमदुलिल्लाह नीट पार पडले.

वाटेत आम्हा दोघांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. गाडी पाहायला गेलो होतो त्या दिवशी ती पहिल्याच फटक्यात लागली होती. पण बोनेटला सहज हात लागला तेव्हा ते कोमट होते. तेव्हा आम्हाला त्याचे काही वाटले नाही. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला आता आम्ही हेच सांगतो, की सकाळी जा, आधी बोनेटवर हात ठेवा, गरम असेल तर चहा पिऊन परत या नाहीतर दुसऱ्या दिवशी या. रात्रभर थंड पडलेली गाडी तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. हा ऐब डेपोतल्या लाकडासारखा तोंडावर दिसत नाही. तो फक्त घरच्यांना माहीत असतो.

मदीनेच्या बाजारातली धान्याच्या ढिगाची हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला, आत ओल लागली, आणि विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा आपण विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते. लहानपणापासून ऐकत आलो, पण ढिगात हात का घातला याचा विचार बोनेटपाशी पहिल्यांदा केला.

विकणाऱ्या गृहस्थांना फोन केला. भांडायचे नव्हते. लपलेला ऐब सौद्याआधीचा असेल तर माल परत करण्याचा हक्क शरीअतने दिला आहे, हे माहीत होते. पण चार महिने वापरलेली गाडी परत करावी असे आमच्याही मनात नव्हते. ते प्रांजळपणे म्हणाले, ‘सकाळी दोन-तीनदा किल्ली फिरवायची, हे आमच्या घरात पोरांनाही पाठ होतं. त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं.’ आणि कोमट बोनेट? ‘तुम्ही येणार म्हणून धुऊन आणली होती.’ खरेही असेल. आम्ही पुढे विचारले नाही. चंद्रपुरात गेज लावला तेव्हा पाच मिनिटांत काटा खाली आला, पंप बदलला. आठवड्याने त्या गृहस्थांनी आपणहून पंपाचे निम्मे पैसे पाठवले.

जानेवारीत खालांना सोडायला पुन्हा आलापल्लीला गेलो. गाडी चार दिवस त्याच अंगणात उभी ठेवली, थोडी मुद्दामच. निघायच्या सकाळी खालू काठी घेऊन बाहेर आले आणि कान देऊन उभे राहिले. एकाच किल्लीत गाडी लागली. त्यांनी काठीने टायरवर हलकेच ठोकले आणि विचारले, ‘जुना पंप फेकला तर नाही ना? डिकीतच राहू द्या. पुढे विकाल तेव्हा दाखवायला लागेल.’