शुक्रवारचं पार्सल

आमच्या उचगावच्या घरात चुलीवर मासा कधी चढला नाही. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. मासा बाहेरून तळून आणायचा आणि अंगणातच खायचा, हा आबांचा आणि तिचा लग्नापासूनचा करार. वारही मोजकेच. सोमवार शंकराचा, मंगळवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. रविवारी चुलत्यांच्यात मटण असायचं. उरायचे बुधवार आणि शुक्रवार; मासा यायचा तो शुक्रवारी.

आबा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला होते. पहिली पाळी सुटली की पंचगंगेचा पूल ओलांडून, तावडे हॉटेलच्या चौकातून गावाकडं वळताना मासळीच्या गाड्यावर थांबत. पार्सल वर्तमानपत्रात बांधलेलं. तेलानं कागद पारदर्शक झालेला, आत कांदा-लसूण चटणीत घोळून तळलेले तुकडे आणि लिंबाची फोड. छापील कागदाची शाई पोटाला वाईट, म्हणून आता तसं बांधू नये म्हणतात. ते बरोबरच आहे. पण आबा म्हटलं की मला अजून तो वास आठवतो.

त्यांची खरी आवड नदीच्या मरळीची. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एक होतं, तिथल्या माशाची चव ते तासभर सांगत. पुढं पंचगंगेच्या काठाला मेलेल्या माशांचा खच पडू लागला, तसं त्यांनी नदीचा मासा सोडला. मग आंबा घाट चढून येणारा रत्नागिरीचा बांगडा आला. पोटाकडचा मऊ तुकडा ते काटे काढून आमच्या ताटात टाकत. स्वतः शेपटी घेत. आई दारातनंच भाकरी ताटात सोडायची, ताटाला हात न लावता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं बहुतेक अन्नावर रेशन लावलं, पण तळलेला मासा आणि बटाट्याच्या फोडी मोकळ्या ठेवल्या, असं मी वाचलं होतं. संध्याकाळी दुकानातनं आणलेल्या त्या गरम पुड्यावर माणसं धीर धरून राहत असतील, हे मला आबा गेल्यावर पटलं.

ते गेल्यावर पार्सल बंदच झालं. कुणी काही ठरवलं नव्हतं. एका शुक्रवारी दिवेलागणीला आईच म्हणाली, “जा, घेऊन ये. भाकऱ्या टाकल्याती.” टोपल्यात आबांच्या वाटच्याही भाकऱ्या होत्या. ज्या वासानं ती आयुष्यभर पदर नाकाला लावत आली, तोच तिला घरात हवा होता.

आता दर शुक्रवारी आणतो. शेपटीचा तुकडा मात्र माझ्याच्यानं खाववत नाही.