नम लॉकचा दिवा

जालन्याच्या टायपिंग क्लासमध्ये मी मराठी टायपिंग शिकले, तेव्हा मशीनचा बिघाड डोळ्यांना दिसत असे. बोटांनी घाई केली की गोदरेजच्या दोन काड्या एकमेकींत अडकायच्या. त्या सोडवायच्या आणि पुढचं अक्षर मारायचं. शाई पुसट झाली की रिबन बदलायची. बटणापासून कागदापर्यंतची सगळी वाट उघडी होती. अक्षर कुठे अडलंय हे वाकून पाहिलं की कळायचं.

एमएस-सीआयटी 2001 साली सुरू झाली आणि टायपिंगच्या क्लासांत कॉम्प्युटर येऊन बसले. तिथला माऊस पोटात रबरी गोळी असलेला होता. त्याची मला फार ओढ वाटे, कारण तोही उघडून बघता यायचा. खालची चकती फिरवली की गोळी हातात. आत दोन बारीक रूळ, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. बाण डावी-उजवीकडे नीट जातो पण वर चढत नाही, असं झालं तर दोनातल्या कुठल्या रुळावर मळ चढलाय हे न उघडताच सांगता येई. जिनिंगमधून उडणारं कापसाचं तूस, रोलिंग मिलकडची बारीक काळी धूळ आणि हाताचा घाम मिळून त्या रुळांवर घट्ट पट्टा बसायचा. तो नखाने खरवडायचा, गोळी पदराला पुसायची, चकती लावायची. बाण लोण्यासारखा फिरू लागे.

कीबोर्ड मात्र असा उघडून कळत नाही. बटणांखाली प्लॅस्टिकचे पातळ पडदे असतात, त्यांवर छापलेल्या वाटा, आणि तिथून एक वायर मागे सीपीयूत जाते. आमच्या जुन्या मशीनला मागे दोन गोल पोर्ट होते, जांभळा कीबोर्डचा, हिरवा माऊसचा. आयबीएमने 1987 साली पीएस-टू नावाची मशीनं आणली, त्यांच्याबरोबर ही सहा पिनांची जोडणी आली आणि तिलाही पीएस-टू म्हणू लागले. रंग पुढे आले. अंधारात चाचपत पिन खुपसली की एखादी काडी वाकते. ती रिकाम्या रिफिलीच्या नळीत धरून सरळ करता येते. चालू मशीनमध्ये ही पिन काढून परत लावली तर बहुतेकदा उपयोग होत नाही, कारण मशीन सुरू होताना जे जोडलेलं असतं त्याचीच ते दखल घेतं. आधी बंद करायचं, मग हात लावायचा.

हे सगळं मला ज्या दुरुस्तीवाल्या काकांनी शिकवलं, ते कीबोर्ड बंद म्हटल्यावर स्क्रू काढायला कधी धावत नसत. आधी म्हणायचे, “नम लॉक दाब.” तो दिवा बटणाने लागत नाही. बटणाचा निरोप वायरीतून आत जातो, मशीन तो वाचतं आणि दिवा लावण्याचा हुकूम उलट कीबोर्डला धाडतं. दिवा लागला तर निरोप पोचला आणि उत्तरही आलं, म्हणजे वायर, पोर्ट आणि आतलं मशीन तिन्ही जागेवर आहेत. मशीन सुरू करताना तिन्ही दिवे एकदा चमकतात का, तेही बघायचं. तेवढंही झालं नाही तर बहुधा करंटच पोचत नाही. सुरुवातीच्या काळ्या पडद्यावर नम लॉक ऐकतो पण विंडोज आल्यावर ऐकत नाही, तर कीबोर्डला दोष देऊ नये, ड्रायव्हर बघावा. इतक्या साध्या खुणेत इतकं शहाणपण असलेली दुसरी गोष्ट मला या यंत्रात सापडलेली नाही.

आता मी अंबड तालुक्यात सेवा केंद्र चालवते. 2016 च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजना आली आणि 31 जुलै ही तारीख आमच्या गावात सणावारासारखी पाठ झाली. 2023 मध्ये राज्याने एक रुपयात विमा दिला तेव्हा तर ज्यांनी कधी अर्ज भरला नव्हता तेही सातबारा, आधार, पासबुक घेऊन आले. सोयाबीन, कपाशी, तूर. एकेकाचे गट नंबर दोन-तीन. अशात माऊस थांबला की रांगेतून आवाज येतो, “ताई, मशीन गेलं का? आज शेवटची तारीख हाय.” त्या माणसाने दिवसाची मजुरी सोडलेली असते. अंदाजाने बोलून मी त्याला उद्या या म्हणू शकत नाही, कारण उद्या नसतोच.

म्हणून बोट आधी नम लॉकवर जातं. दिवा ऐकतो, बाण हलतो, पण पान उघडत नाही, तर अडथळा सर्व्हरकडे आहे आणि थांबण्यात अर्थ आहे. दिवाही मेलेला असेल तर अडथळा माझ्याकडे आहे. बहुतेक वेळा पुढच्या यूएसबी पोर्टांवर भार पडलेला असतो. अंगठ्याचं मशीन, कॅमेरा, पेनड्राइव्ह, सगळे एकाच ठिकाणाहून पाच व्होल्ट ओढत असतात आणि त्यातलं एक बिघडलं की शेजारचेही गप्प होतात. सगळं काढते, मशीन बंद करून मेन केबल ओढते, चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरते म्हणजे उरलेला करंट निघून जातो. मग मागच्या पोर्टला फक्त कीबोर्ड. तो चालला की माऊस, आणि पुढे एकेक. वीज सारखी जाते-येते तिथे हे वरचेवर करावं लागतं. नाणं दिसावं तसा आतला सेल, सीआर 2032, उतरला असेल तर मशीन आपल्या सेटिंग विसरतं. काही जुन्या मशीनमध्ये मग विंडोज येईपर्यंत यूएसबी कीबोर्ड चालतच नाही.

त्या वेळेसाठी खणात जुना पीएस-टू कीबोर्ड ठेवला आहे. हाताशी काम करणाऱ्या मुलीला मी तो आधी लावायला शिकवलं, अर्ज भरायला नंतर. यंदा नवं मशीन घेताना जालन्याच्या दुकानात मागचा गोल पोर्ट मागितला. दुकानदार म्हणाला, “ताई, आता कोण वापरतं ते?” पण शोधल्यावर मिळाला. नव्या मदरबोर्डवर तो असलाच तर बहुधा दोन्हींसाठी मिळून एकच पोर्ट असतो, अर्धा जांभळा, अर्धा हिरवा.