तांबडा थेंब

मनोरीस राहणाऱ्या मनुष्याला गळणाऱ्या वस्तूंचें नवल वाटेनासें होतें. आषाढांत घराचीं कौलें गळतात, खाडी ओलांडणाऱ्या होडीच्या तळाशीं थोडें पाणी असावयाचेंच, आणि पहांटे मासळी घेऊन निघालेल्या गाड्या तर आपल्या मागें रस्त्यावर एक ओली रेघ ओढीतच जातात. बर्फाचें पाणी, माशांचें पाणी, क्रेटला चिकटून आलेलें समुद्राचें पाणी, असें सर्व त्या रेघेंत असतें. सकाळीं फिरावयास निघालेल्या मनुष्यानें तिच्यावर पाय न देतां चालावें, यापलीकडे तिच्याविषयीं विचार करण्याचें कारण आम्हांस कित्येक वर्षें पडलें नाहीं. तें २०२३ सालीं पडलें, आणि तेंहि आम्ही जामीन राहिलों म्हणून.

आमच्या शेजारीं कोळ्यांचें घर आहे. तेथील मावशींच्या थोरल्या मुलानें कर्ज काढून एक जुनी पिकअप घेतली, त्या वेळीं "मास्तर, सही तेवढी तुमची, हप्ता माझा," असें म्हणून त्यानें कागद आमच्यापुढें ठेवला. शेजारधर्म म्हणून आम्हीं सही केली. सही केल्यावर मनुष्याची झोंप कशी होते, हें ज्यांनीं कोणासाठीं जामीन दिला असेल त्यांनाच ठाऊक. पहांटे त्या गाडीचा आवाज वेळेवर ऐकूं आला नाहीं कीं आम्ही उठून बसूं लागलों.

मनोरीची अडचण अशी कीं, समोरच्या तीरावरील मार्वे इतकें जवळ दिसतें कीं तेथील दिवे मोजावे. पण फेरीबोट माणसें नेई, मोटरसायकली नेई, पिकअप नेत नसे. मासळीच्या गाडीला गोराई, उत्तन असा वळसा घालूनच भाईंदर गांठावें लागे. वाटेंत गाडी थांबली तरी बर्फ कांहीं वितळावयाचें थांबत नाहीं. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत या वळशावरच घरोघरचीं देणीं फिटावयाचीं असतात.

सप्टेंबराच्या आरंभीं मुलगा सांगूं लागला कीं, स्टिअरिंग जड झालें आहे, वळणावर गाडी कण्हते. प्रथम त्यानें चाकांत हवा भरून घेतली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! मग कोणाच्या सांगण्यावरून स्टिअरिंगच्या तेलाची डबी उघडून पाहिली, तों ती जवळजवळ रिकामी. तेल भरतांच कण्हणें थांबलें. चार दिवसांनीं पुन्हां तोच प्रकार. "आपली गाडी जरा तेल पिते," असें तो म्हणूं लागला; आणि हें म्हणतांना, घरांतील एखाद्या वडील माणसाच्या व्यसनाविषयीं बोलावें तशी एक सोशिक आपुलकी त्याच्या स्वरांत येई. आठवड्याला एक बाटली, असा घरखर्चांत एक नवाच रकाना पडला.

आतां, हें तेल कांहीं इंजिनांत जळावयाचें नसतें. तें एका बंद वाटेनें फिरत असतें, आणि कमी झालें तर गळूनच कमी झालेलें असतें. पण जी गाडी धंद्यानेंच गळकी, तिच्या पोटाखालीं वाकून खरी गळती कोणी ओळखावी? तेथें सगळेंच ओलें. एका शनिवारीं रात्रीं आम्हीं गाडी रिकामी करवून, धुववून, सुकूं दिली, आणि जुन्या कॅलेंडरचीं पानें कोरी बाजू वर करून तिच्याखालीं पसरलीं. मावशी दारांत उभ्या राहून पाहत होत्या. मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला कीं काय, असा त्यांचा चेहरा होता. सकाळीं कागदांवर तीन प्रकारचे थेंब मिळाले. मागल्या बाजूचा रंगहीन, आणि वासावरून आपलें गोत्र सांगणारा. मधला काळा, इंजिनच्या तेलाचा. तो जुनाट, पण फार सावकाश पडणारा. तिसरा अगदीं पुढें, तांबडा, बोटाला निसरडा लागणारा. या जातीच्या तेलाला कारखानदार मुद्दाम तांबडा रंग देतात, तो इंजिनच्या तेलापासून हें निराळें ओळखूं यावें म्हणून.

या तेलाचा प्रवास मोठा मौजेचा आहे. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तें दाबानें स्टिअरिंगकडे ढकलतो. तेथें चालकाच्या हाताला मदत करतां करतां तें तापतें, आणि परततांना त्याला रेडिएटरच्या पुढें, वाऱ्याच्या तोंडीं वळवून बसविलेल्या एका साध्या नळींतून नेतात. ज्या विचारानें आपण कढत चहा बशींत ओततों, तोच विचार येथें आहे. अमेरिकेंतील ज्या मोठ्या पिकअप गाड्यांचे गिअर आपोआप पडतात, त्यांत गिअरचें तेलहि असेंच दोन लांब नळ्यांनीं पुढें आणून निववितात. आणि त्या नळ्यांनाहि हाच रोग जडतो. समुद्र शेंकडों कोस दूर असला तरी हिवाळ्यांत रस्त्यावरचें बर्फ वितळावें म्हणून तिकडे मीठ टाकतात, आणि चाकांनीं उडालेलें तें खारट पाणी पोलाद खातें. पिकअप गाड्यांच्या ब्रेकच्या गंजलेल्या नळ्यांचा तपास तेथील सरकारी खात्यानें २०१५ सालीं संपविला, तेव्हां जुन्या गाड्यांच्या मालकांना त्यानें दिलेला सल्ला मुख्यतः हाच होता कीं, गाडीचें पोट धूत जा आणि नळ्या तपासून घेत जा.

आमच्याकडे मीठ विकत आणून टाकावें लागत नाहीं. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि मासळीच्या गाड्या पहांटे एकामागून एक निघतात. पुढच्या गाडीचें पाणी रस्त्यावर पडतें, आणि मागच्या गाडीचीं चाकें तें उडवून तिच्याच पोटाला लावतात. आमची गाडी तिच्या मागच्या गाडीसाठीं हीच सेवा करीत होती.

तांबडा थेंब सांपडला, तरी दुरुस्ती झाली नाहीं. "रविवारीं बघूं," असें मुलगा म्हणे, आणि रविवारीं मासळी चांगली लागे. आम्हींहि जोर केला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. गाडी उभी राहिली तर हप्ता चुकेल, हा हिशेब जामीनदाराच्या मनांतहि चाललेला होताच. दहा दिवसांनीं, गोराई ओलांडल्यावर एका वळणावर ती नळी फुटली. स्टिअरिंग एकाएकीं दगडासारखें झालें; समोरून कोणी येत नव्हतें म्हणून निभावलें. अर्धी मासळी दिसेल त्या गाडींत चढवून पडेल त्या भावानें विकली, अर्धी परत आली. बोंबील वाळत घालावे तर आभाळांत ऊन नव्हतें. मावशी रात्रीं आमच्या ओटीवर येऊन बसल्या. रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "मास्तर, तो तांबडा थेंब तुम्ही मला का नाहीं दाखवला? मी त्याला घरांतनं हलूं दिला नसता."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

उत्तनकडून मिस्त्री आला. गाडीखालीं निजून त्यानें जी नळी बाहेर काढली ती पाहण्यासारखी होती. जेथें ती उघडी होती तेथें नुसता रंग उडालेला; पण जेथें तिला पट्टीनें आवळून धरलें होतें, नेमकी त्या पट्टीखालीं ती चहांत बुडविलेल्या बिस्किटासारखी झाली होती. पट्टीच्या आड खारें पाणी अडकतें आणि सुकत नाहीं. अखंड नवी नळीच बसवावी, असा आम्हीं आग्रह धरला. ती यावयास आठ दिवस लागणार होते. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, दाबाकडची नळी असती तर मी हात लावला नसता. ही परतीची आहे, हिला होज पाईप चालतो." त्याच्या पोऱ्यानें रेडिएटरचा होज पाईप आणला, तो त्यानें फेंकून दिला. पाण्यासाठीं केलेलें रबर तेलांत फुगतें आणि मऊ पडतें. तेलाचा पाईप निराळा. मग चांगला धातु लागेपर्यंत नळी कापून, रबर निसटूं नये म्हणून तिच्या तोंडाला फुगवटी काढून, दोन्ही टोकांस दोन दोन क्लिपा आवळल्या. या सगळ्याला आलेला खर्च एका क्रेट बोंबलांहून कमी होता. आठ दिवसांचा हट्ट आम्हीं मुकाट्यानें सोडला.

आतां दर रविवारीं विहिरीच्या पाण्यानें गाडीचें पोट धुतलें जातें, आणि रात्रीं कॅलेंडरचें पान आम्ही नव्हे, मावशी पसरतात. मध्यंतरीं एकदां आम्हीं मुलाला सुचविलें कीं, पुढच्या गाडीपासून थोडें अंतर राखून चालत जा. तो हंसला. "मास्तर, अंतर राखलं तर भाईंदरला भाव दुसऱ्याला मिळतो." परवां पहांटे मावशींनीं कागद उचलून आम्हांस कुंपणावरून दाखविला. त्यावर मागच्या बाजूस तेवढा एक ओला डाग होता, माशाच्या वासाचा. गाडी तोंवर रस्त्याला लागली होती, पुढच्या गाडीला अगदीं खेटून.