ओढ्याचा वर्तमानकाळ

मी नेमकं काय काम करते, हे आई लोकांना एका वाक्यात सांगते : "ती नकाशे काढते." ते अर्धं खरं आहे. मी जीआयएस करते. तिथे प्रत्येक रेषेमागे एक तक्ता असतो आणि माझा बहुतेक दिवस तो भरण्यात जातो. ही इमारत, वापर निवासी. हा तुकडा, मोकळी जागा. ही रेषा, नाला. कंटाळवाणं वाटेल, पण कुणाच्या घरावरून रस्ता जाणार आणि कुणाच्या घरात पाणी शिरणार, हे या कंटाळवाण्या रकान्यांत बरंचसं ठरून जातं.

मूळ कल्पना साधी आहे. इयान मॅकहार्ग या लँडस्केप आर्किटेक्टने 1969 साली 'डिझाइन विथ नेचर' हे पुस्तक लिहिलं. उतार, माती, पूर, जंगल असा एकेक विषय पारदर्शक कागदावर काढायचा, कागद एकावर एक ठेवायचे आणि कुठे बांधू नये ते आधी बघायचं. आता कागदांच्या जागी लेअर आले. आपल्याकडे अमृत योजनेत 500 शहरांचे आराखडे जीआयएसवर, 1:4000 प्रमाणात करायचं ठरलं. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार मीटर. चार मीटरमध्ये पुण्यातला एखादा ओढा आरामात मावतो.

पुण्याचा आंबिल ओढा घ्या. कात्रजच्या डोंगरातून निघतो, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल करत मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं बांधलं तेव्हा त्याचा प्रवाह वळवला. त्याआधी तो आजच्या भर पेठांतून नदीकडे जायचा. ते तळं बुजून तिथे सारसबाग झाली, तरी तिथल्या गणपतीला जुनी माणसं अजून तळ्यातला गणपती म्हणतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री या ओढ्याला पूर आला. भिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या. पुणे शहर आणि आसपास मिळून वीसहून जास्त माणसं गेली.

पाणी कुठून जाईल हे कॉम्प्युटरला विचारता येतं. जमिनीच्या उंचीचं मॉडेल घ्यायचं. फुकट मिळणारं एक प्रसिद्ध मॉडेल फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर अवकाशयानाने रडारने टिपलं. त्याचा एक चौकोन 30 मीटरचा. ओढा, त्याच्या काठची भिंत आणि भिंतीमागची बिल्डिंग, सगळ्यांना मिळून एकच उंची. प्रत्येक चौकोनातलं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी जिथे सर्वांत जास्त उतार आहे तिकडे ढकलायचं. बेरीज होत गेली की स्क्रीनवर ओढे उगवतात, अगदी कुणी न काढता. पहिल्यांदा बघताना मला जादू वाटली होती.

पण त्याआधी एक पायरी असते, 'फिल सिंक्स'. म्हणजे खड्डे बुजवा. चारही बाजूंनी उंच असलेला चौकोन हा डेटातला दोष असेल असं धरून सॉफ्टवेअर तो भरून टाकतं, नाहीतर पाणी तिथेच अडकतं आणि गणित पुढे सरकत नाही. डोंगराळ भागात हे ठीक आहे. शहरात खड्डे खरे असतात. सोसायटीचं बेसमेंट पार्किंग, रेल्वेखालचा रस्ता. म्हणजे पाणी जिथे माणसांना गाठतं, नेमक्या त्याच जागा गणिताच्या सोयीसाठी आधी सपाट होतात.

आणि एक गंमत (गंमत म्हणावी का?) : मॉडेलमधला प्रवाह जुन्या नकाशाशी जुळला नाही, तर आपण नकाशातली रेषा मॉडेलमध्ये खोदून देतो. मग पाणी मुकाट्याने तिथूनच वाहतं. म्हणून ती रेषा कोणी आणि केव्हा काढली, हे फार महत्त्वाचं.

अशीच एक रेषा तपासायला टॅबलेट घेऊन एका वस्तीत गेले होते. स्क्रीनवर ओढा एका भिंतीपाशी येऊन संपत होता. दारात भाजी निवडत बसलेल्या आजींना विचारलं, "आजी, इथून पूर्वी ओढा जायचा का हो?"

"जायचा न्हाई बाळा, जातो," त्या म्हणाल्या. "वरनं भिंत घातलीया, म्हणून खालनं जातो."

मग उठून त्यांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला. त्या रात्रीचं पाणी इथपर्यंत. हात माझ्या खांद्याच्या वर होता. मी टेप लावून उंची घेतली आणि पॉइंट टाकला. 'माहितीचा स्रोत' या रकान्यात तीन पर्याय होते : उपग्रह, प्रत्यक्ष मोजणी, जुना नकाशा.

जून 2021 मध्ये दांडेकर पुलाजवळ याच आंबिल ओढ्याच्या काठची घरं पाडायला यंत्रं आली, लोक रस्त्यावर उतरले, स्थगितीही आली. वस्ती ओढ्यात आहे, हे सगळ्यांना दिसतं. पत्रा उपग्रहातूनही चमकतो. ओढ्याचा गळा आवळणारी सोसायटीची भिंत मात्र मंजूर लेआउटच्या सुबक चौकोनात असते, म्हणून ती अतिक्रमणाच्या लेअरमध्ये येतच नाही. माझ्या मते इथे जीआयएसचा एक गुण कामाचा आहे. बफर नावाचं एक टूल असतं; ओढ्याच्या दोन्ही काठांना सारख्या रुंदीचा पट्टा काढतं. त्याला पत्रा आणि क्लब हाऊस यातला फरक कळत नाही. दोन्हीवर सारखाच रंग चढतो.

तो रंग छापील नकाशापर्यंत टिकतो का, ही वेगळी गोष्ट. एका बैठकीत मी असा पट्टा दाखवला तेव्हा एका साहेबांनी फार सौम्यपणे विचारलं, "ही रेषा जरा पातळ नाही का करता येणार?" येते. दोन क्लिकचं काम आहे. मी म्हटलं, "सर, रुंदी मोजणीतून आली आहे, बदलायची तर लेखी द्या." लेखी अजून आलेलं नाही आणि त्या बैठकांना माझ्याऐवजी आता दुसरं कुणी जातं.

माझ्या लॅपटॉपवरच्या कॉपीत मी एक जादा रकाना घातला आहे : 'कोणी सांगितलं'. ऑफिसच्या फॉरमॅटमध्ये तो बसत नाही, फाइल जमा करताना काढावा लागतो. त्यात आतापर्यंत 41 नोंदी झाल्यात. पहिलीत लिहिलंय : आजी, भिंतीलगतचं घर, ओढा जातो.