आम्ही वेगळा ठेवलेला तांब्या

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची साथ आली, तेव्हा आमचा पुतण्या धायरीला सेंटरिंगच्या कामावर होता. पिंगळीच्या आमच्या वस्तीतली बरीच पोरे अशीच पुण्याला पोटामागे गेलेली. आधी त्याला जुलाब लागले. दोन-तीन दिवसांत थांबले. आठवडाभराने त्याचा फोन आला, "काका, तळपायाला मुंग्या यायल्यात. जिना चढवंना."

"थकला असशील, तेल चोळ," आम्ही म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो उठूच शकला नाही. तेव्हाही आम्ही म्हणालो, "वारं गेलं असंल. गावाकडं आणा, लकव्याला झाडपाला देणारा माणूस हाय." बरे झाले, सोबतच्या मजुरांनी आमचे ऐकले नाही. त्यांनी त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेले. त्याच रात्री हातांतले बळ गेले आणि सकाळी श्वास लागू लागला. गाडीत बसवून आणला असता, तर तो परभणीपर्यंतसुद्धा पोहोचला नसता.

हा लकवा नव्हे. लकव्यात बहुधा शरीराची एक बाजू जाते आणि बिघाड मेंदूत असतो. इथे दोन्ही पाय सोबत जातात, मग हात, मग श्वास. बिघाड असतो मेंदू व मणक्यातून हातापायांकडे जाणाऱ्या नसांत. १९१६ साली गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी या आजाराचे वर्णन केले. पहिल्या दोघांच्या नावावरून त्याला जीबीएस म्हणतात.

पण नसांवर हल्ला करतो कोण? वाचकहो, आपलेच शरीर. ज्वारीच्या शेतावर जागल्या ठेवावा, आणि चोर नेमका मालकासारखीच घोंगडी पांघरून यावा. जागल्या चोराला बडवतो आणि त्याच अंधारात घोंगडी बघून मालकालाही बडवतो. तसेच हे आहे. कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जुलाबाचा जंतू आहे. त्याच्या अंगावरचा काही भाग आपल्या नसांवरच्या घटकासारखाच दिसतो. जंतू मारायला तयार झालेली प्रतिकारशक्ती मग नसांवरही तुटून पडते. विजेच्या वायरीवरचे प्लास्टिक सोलावे तसे नसेवरचे आवरण सोलले जाते. काहींची आतली तारच दुखावते. मेंदूचा निरोप पायापर्यंत पोहोचत नाही.

पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, धायरी आणि नांदेड गाव (आपले नांदेड नव्हे, खडकवासल्याजवळचे) या भागांत दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले. काही दगावले. अनेकांच्या शौचाच्या तपासणीत हाच जंतू सापडला. संशय दूषित पाण्यावर होता.

पुतण्याला पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिनची औषधे शिरेतून दिली. हे औषध हजारो माणसांनी दिलेल्या रक्तातून तयार होते. दुसरा उपाय म्हणजे रक्तातील द्रव बदलणे, त्याला प्लाझ्मा बदल म्हणतात. दोन्ही उपाय पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त गुण देतात. म्हणून उशीर करायचा नसतो.

मार्चमध्ये त्याला पिंगळी स्टेशनवर उचलून उतरवले. आणि इथून पुढे आमची चूक सुरू होते. 'साथ' हा शब्द गावात आधीच पोहोचला होता. शेजारीपाजारी दारातूनच जयभीम घालून परत जाऊ लागले. त्यांना काय नावे ठेवावीत? आम्हीच त्याचा तांब्या वेगळा ठेवला होता. कुणी सांगितले नव्हते. त्याला पाणी वरून ओतून देऊ लागलो.

आमची म्हातारी आई आठ दिवस बघत राहिली. एके दिवशी म्हणाली, "आमच्या ओंजळीत लोक वरून पाणी टाकायचे. आता तुम्ही आपल्याच लेकराला तेच करायलात?" आणि तिने त्याचाच तांब्या उचलून तोंडाला लावला.

आम्ही मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी आशाताईंना बोलावून वस्तीला बसवले. त्यांनी समजावले, जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पसरतो तो जुलाबाचा जंतू, घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून, कच्च्या राहिलेल्या कोंबडीतून. तेव्हा माणूस टाळू नका, पाणी उकळा.

आता पुतण्या काठीशिवाय चालतो. डाव्या पायाचा चवडा अजून नीट उचलत नाही. डॉक्टर म्हणतात, नसा हळूहळू भरतात, व्यायाम सोडू नको. बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, पण महिने लागतात.

मायबहिणींनो, जुलाब किंवा सर्दी-तापानंतर दोन्ही पायांना मुंग्या येऊन बळ जाऊ लागले, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. आणि जयंतीला रक्तदान शिबिर असेल तर बाही वर करा. आमच्या पोराच्या अंगात कुणाकुणाचे रक्त गेले, हे आम्हाला ठाऊक नाही. त्यांच्यातल्या कुणीही आमच्या पोराचा तांब्या वेगळा ठेवला नव्हता.