दयेचे क्रियापद

मराठीत दया 'येते', दया 'दाखवतात', दया 'मागतात'. फारच अडलेला माणूस दयेची भीक मागतो. पण दया 'देणे' हा प्रयोग आपल्या भाषेत रुळलेला नाही. दान देतात, माफी देतात. दया मात्र देणाऱ्याच्या मनात येते आणि बहुधा तिथेच राहते. आटपाडीच्या बाजारात तर हा शब्द सुटा क्वचितच ऐकू येतो. 'पोटात कालवलं', 'जीव तुटला' म्हणतात. 'दयामाया' म्हणतात, तेही ती नसल्याचे सांगताना. मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना ही वर्गात सांगण्याजोगी भाषिक गंमत वाटत असे.

मग एका वर्षी परीक्षेच्या अर्जांच्या दिवसांत तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी आला. हजेरी कमी भरत होती. दिवाळीनंतर घरची मेंढरे घेऊन तो बापाबरोबर खाली नदीकाठच्या मुलखात गेला होता. "सर, तेवढी दया करा," म्हणाला. आम्ही सही केली, आणि दुसऱ्या दिवशी भरल्या वर्गात 'याची परिस्थिती पाहून आम्ही याला सवलत दिली' असे सांगूनही टाकले. त्यानंतर तो आमच्या तासाला बसला नाही. परीक्षेला तेवढा आला.

हा शब्द तपासायला आटपाडीकराला दूर जावे लागत नाही. गावाजवळच स्वतंत्रपूर आहे. १९३९ साली, औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या राजवटीत, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने कैद्यांची ही खुली वसाहत उभी राहिली. कोंडणारी भिंत नाही. कसायला शेती, आणि कैद्याबरोबर त्याची बायकामुले. याच तालुक्यातील माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर, त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट थोरच आहे, पण त्यातले कैदी जेलरच्या डोळ्यांना बांधलेले आहेत. वसाहतीतला कैदी उभ्या पिकाला आणि घरच्या चुलीला बांधलेला असतो. हा फरक आम्हांला फार उशिरा जाणवला.

राज्यघटनेची ७२ आणि १६१ ही कलमे राष्ट्रपतींना व राज्यपालांना शिक्षा माफ वा कमी करण्याचा अधिकार देतात. त्यासाठीच्या विनंतीला आपण 'दयेचा अर्ज' म्हणतो. अर्जदार खाली, निर्णय वर. स्वतंत्रपुरात गुन्हा पुसला जात नाही आणि कुणाला पाझर फुटावा अशी अपेक्षाही नसते. हा माणूस पळून जाणार नाही, एवढे गृहीत धरलेले असते. त्याला दया म्हणावे का? आमच्यात यावर एकमत नाही. एकाच्या मते हीच खरी दया. दुसऱ्याच्या मते तो विश्वास आहे, आणि विश्वासाला दया म्हणणे हा त्याचा अपमान.

दुसऱ्याची बाजू बळकट करतात ते आटपाडीचेच शंकरराव खरात. 'तराळ-अंतराळ'च्या लेखकाला गावकी ठाऊक होती : राबायचे गावासाठी, आणि त्या राबण्याची भाकरी मात्र दारोदार मागून आणायची. होता तो मोबदला. घेताना हात पसरावा लागे. भाकरी वाढणाऱ्यालाही आपण काही देणे फेडतो आहोत, असे कधी वाटले नसावे.

आमच्या महाविद्यालयाच्या नियमांत घरच्या अडचणीसाठी हजेरीत सवलतीची तरतूद आहे. म्हणजे तो मुलगा मागत होता ते नियमाने त्याचेच होते. आम्ही ते आमच्या खिशातून काढल्यासारखे दिले, आणि वर्गाला साक्षीला बसवले.

निकालानंतर तो दाखल्यासाठी आला. "सही पायजे हुती," एवढेच म्हणाला. आम्ही सही केली, मेंढरांची चौकशी केली. "चार कोकरं लांडग्यानं नेली," कागदाची घडी घालीत तो म्हणाला. आमच्या ओठांवर 'अरेरे' आले होते, ते आम्ही आवरले.