मोटारींतील वाटाड्या

आमच्या जुन्या मोटारीस वाट दाखविणारें यंत्र निराळें विकत घेऊन बसवावें कीं काय, हा प्रश्न घरीं निघाला. मुलांचा आग्रह, घ्यावेंच. कुटुंबाचें म्हणणें, पुढचे दोन टायर झिजले आहेत, ते आधीं बदलावे.

आम्हीं प्रथम यंत्राचें कार्य समजून घेतलें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून अमेरिकेचे जी.पी.एस. उपग्रह पृथ्वीभोंवतीं फिरतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले म्हणजे यंत्र आपलें स्थान ठरवितें. नागरी संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेनें सन २००० च्या मे महिन्यांत काढून टाकली; तेव्हांपासून हें स्थान पुष्कळ अचूक मिळूं लागलें. या कामास मोबाइलची रेंज लागत नाहीं, म्हणून घाटांतही यंत्र चालतें, हा मुलांचा मुद्दा खरा.

परंतु आमच्या मोबाइलांतही तसाच ग्राहक आहे. नकाशा घरींच उतरवून घेतला, तर तोही रेंजवांचून वाट दाखवितो. निराळ्या यंत्राचा पडदा मोठा व जागचा असतो, हें खरें. पण त्यांतील नकाशा वेळोवेळीं नवा केला नाहीं, तर नवीन रस्ता त्यास ठाऊक नसतो. रोज परक्या मुलखांत गाडी हांकणारास तें खुशाल घ्यावें. आम्ही वर्षांतून दोनदां कोंकणांत जाणार!

तेव्हां टायर घेतले, आणि मोबाइलास एक साधी बैठक. विद्यार्थिमित्रहो, वस्तु चांगली आहे एवढ्यावरून ती आपणांस हवीच, असें होत नाहीं. वाट कळून काय उपयोग, चाकच घसरलें तर?